टिटवी ओरडण्यापूर्वी

मे महिना आहे. सकाळचे अकरा वाजले आहेत. लोणारच्या विवराचा उतार उतरून तुम्ही सरोवराजवळ आला आहात. हातात वडिलांचा कॅमेरा आहे. नसला तर मोबाइल आहे. पाण्यापासून थोड्या अंतरावर, खडेमिश्रित उघड्या जमिनीवर, एक टिटवी बसलेली दिसते. तुम्ही चार पावले पुढे जाता. ती मान उंच करते. आणखी पाच-सहा पावले. ती उठते, लगबगीने थोडी धावते आणि मोठ्याने ओरडत तुमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागते. तुम्हाला वाटते, वा! उडत्या टिटवीचे छायाचित्र आयतेच मिळाले. तुम्ही तिथेच उभे राहून दहा मिनिटे छायाचित्रे घेता.

त्या दहा मिनिटांत तुमच्यापासून काही हातांवर, जमिनीवर, काय घडत असते ते मात्र एकाही छायाचित्रात उतरत नाही. विद्यार्थिमित्रांनो, आज आपण तेच पाहणार आहोत.

आधी जागेची ओळख

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलेच असेल. लवणासुराला विष्णूने मारले ती ही जागा, अशी आख्यायिका आहे. विज्ञान सांगते की दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, आकाशातून एक प्रचंड अशनी आदळला आणि हे विवर निर्माण झाले. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची दखल घेतली. पुढे दीर्घकाळ, हे ज्वालामुखीचे तोंड असावे की आघाताची खूण, असा वाद चालू होता. आघाताच्या प्रचंड दाबाखाली तयार होणारा मास्केलिनाइट नावाचा काचरूप पदार्थ येथील खडकांत आढळला. १९७३ साली ते संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि आघाताची बाजू भक्कम झाली. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५०,००० वर्षे मानीत. आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले.

तळाशी खारट आणि अतिशय अल्कधर्मी पाण्याचे सरोवर, त्याभोवती झाडीने भरलेला उतार, काठावर जुनी मंदिरे! छायाचित्रकाराला आणखी काय हवे? पण ही जागा नुसती देखणी नाही. २००० साली ती वन्यजीव अभयारण्य झाली आणि २०२० साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार येथे १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आणि १२ जातींचे सस्तन प्राणी आढळतात. कांडेसर करकोचा, छोटी लालसरी हे बदक आणि लांडगा यांचा त्यांत उल्लेख आहे. म्हणजे कॅमेरा घेऊन आपण उतरतो ते दुसऱ्यांच्या घरात.

चार अंडी आणि एक सावली

आता पुन्हा टिटवीकडे वळू. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा करते, फार तर भोवती बारीक खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा व त्यावर काळपट डाग. दोन हातांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत, इतकी ती जमिनीत मिसळून जातात. हेच त्यांचे संरक्षण. पण त्यामुळेच ती नकळत पायाखाली येण्याचाही धोका असतो.

अंडी उबवणे म्हणजे अंड्यांना ऊब देणे, असे आपण शिकतो. मे महिन्यात मात्र उलटे असते. हवेचे तपमान चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असेल, तर उन्हात तापलेल्या उघड्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नासाच्याही पुढे जातो. अंड्यातील जीव साधारण ३६ ते ३९ अंशांत नीट वाढतो. त्याहून थोडी कमी उष्णता तो काही काळ सोसतो. वाढ मंदावते, एवढेच. पण तपमान चाळिशीच्या वर चढू लागले, की धोका झपाट्याने वाढतो. म्हणून भर उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. एवढेच नाही, तर ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंडी गार करते. आपण माठाला ओले फडके गुंडाळतो, त्यातलीच ही युक्ती. पाण्याचे बाष्प होताना ते उष्णता शोषून घेते.

अशा वेळी तुम्ही दहा मिनिटे तेथे उभे राहिलात, तर त्या अंड्यांवरची छत्री दहा मिनिटे काढून घेतलीत, असा त्याचा अर्थ होतो. त्यात भर म्हणजे कावळा. टिटवी कोणत्या जागेभोवती आकांत करते आहे, हे तो झाडावरून पाहत असतो. तुम्ही निघून जाता. त्याला पत्ता मिळालेला असतो.

टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असे आपल्याकडे म्हणतात. अपशकुन खराच असतो, पण तो टिटवीला! तिच्या घराजवळ कोणीतरी आलेले असते. पंचतंत्रात समुद्राने टिटवीची अंडी नेल्याची गोष्ट आहे. तेथे समुद्राला ती परत करावी लागली. उन्हाने तापलेली अंडी परत कोण करणार?

पलायन-अंतर

हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने एक साधी पण फार उपयोगी कल्पना मांडली. प्रत्येक वन्य प्राण्याभोवती जणू एक अदृश्य वर्तुळ असते. शत्रू त्या वर्तुळाबाहेर असेतो प्राणी पळत नाही. तो आत आला की पळतो. या अंतराला पलायन-अंतर म्हणतात. ते जातीनुसार बदलते आणि परिस्थितीनुसारही बदलते. बाजारातला कावळा तुम्हाला हातभर अंतरावर येऊ देईल. माळावरचा तोच कावळा दूरवरूनच उडेल. अंड्यांवर बसलेला पक्षी काही वेळा फार जवळ येऊ देतो. 'तो मला घाबरत नाही' असे त्यावरून समजू नका. तो घाबरलेलाच असतो. पण अंडी सोडण्याची भीती त्याहून मोठी असते.

पळण्यापूर्वी प्राणी सूचना देतो. पहिली पायरी: तो चरणे किंवा पिसे साफ करणे थांबवतो आणि मान उंच करतो. दुसरी पायरी: तो चालू लागतो, शेपटी वा डोके झटकतो किंवा इशाऱ्याचा आवाज काढतो. तिसरी पायरी: उड्डाण. चांगला छायाचित्रकार पहिल्या पायरीलाच ओळखतो. मान उंच झाली की तो थांबतो आणि दोन पावले मागे येतो. पक्षी पुन्हा चरू लागला, तर आपले अंतर बरोबर आहे. टिटवी ओरडली म्हणजे आपल्याला उशीर झाला. अशा वेळी पुढे-मागे भटकू नका. पायाखाली नीट पाहत, आलो त्याच वाटेने निघून जा. टिटवी अंड्यांवर परत येते की नाही, हे दुरूनच पाहा.

भिंगाचे गणित

जवळ जाण्याचा मोह का होतो? याचे उत्तर दहावीच्या प्रकाशशास्त्रात आहे. वस्तू भिंगाच्या नाभीय अंतराच्या मानाने बरीच दूर असेल, तर प्रतिमेची लांबी पुढील सूत्राने जवळजवळ बरोबर मिळते:

प्रतिमेची लांबी = (नाभीय अंतर × वस्तूची लांबी) ÷ वस्तूचे अंतर

टिटवी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे ३३० मिलिमीटर असते. ती तुमच्यापासून २० मीटरवर आहे आणि कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटरचे आहे, असे समजा. प्रतिमा ५० × ३३० ÷ २०,००० म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या थोडी वर येते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत टिटवी म्हणजे एक ठिपका! ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर तीच प्रतिमा ६.६ मिलिमीटर होते. आता ५० मिलिमीटरच्या भिंगाने तेवढीच प्रतिमा हवी असेल, तर अंतर किती लागेल? सूत्र उलटे मांडा. उत्तर येते अडीच मीटर. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा याच चौकटीच्या हिशेबाने साधारण २५ मिलिमीटरच्या भिंगाएवढे विस्तीर्ण दृश्य घेतो. त्याने तीच टिटवी तेवढीच मोठी हवी, तर सव्वा मीटरवर जावे लागेल, म्हणजे जवळजवळ घरट्यावरच!

यावरून निष्कर्ष काय काढायचा? मोठे भिंग विकत घ्या, असा नव्हे. जे भिंग आपल्याजवळ आहे त्याला साजेसा विषय निवडा. लहान नाभीय अंतराच्या भिंगाने विवराचा उतार, पाण्याची कड, ढगांच्या सावल्या आणि त्यात एका कोपऱ्यात चिमुकली टिटवी असे चित्र घ्या. पक्षी कोठे राहतो, भोवती काय आहे, हे त्यातून कळते. नुसत्या चोच-डोळ्यांच्या चित्रातून ते कळत नाही. अभ्यासकाला पुष्कळदा असेच चित्र अधिक उपयोगी पडते.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये १८९२ साली चेरी कर्टन यांनी घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले. ते आणि त्यांचे बंधू रिचर्ड हे पक्ष्यांच्या छायाचित्रणातले अग्रणी. त्या काळी लांबचे दृश्य टिपणारी चांगली भिंगे सुलभ नव्हती. म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल बनवला आणि कॅमेऱ्यासह त्यात बसून पक्षी टिपले. पक्ष्याला माणूस दिसू नये, यासाठी एवढी खटपट! आजही लपणात तासन्तास न हलता बसणे, ही चांगल्या छायाचित्रकाराची पहिली विद्या मानली जाते. तरीही घरट्याजवळ जाण्यात धोका उरतोच. १९३७ साली एरिक हॉस्किंग हे ब्रिटिश छायाचित्रकार एका घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे रात्री जात असताना घुबडाने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. तेथे किंमत माणसाने मोजली. बहुतेक वेळा ती पक्ष्याची पिले मोजतात, म्हणून तिची बातमी होत नाही.

कायद्यातील 'शिकार'

शिकार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. आपल्या देशातील वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. त्यात शिकारीची व्याख्या दिली आहे. प्राणी मारणे, पकडणे हे तीत आहेच. पण पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे, त्यांना उपद्रव देणे हेही तीत आहे. म्हणजे घरटे नीट दिसावे म्हणून पुढची फांदी मोडणारा, किंवा अंडी एका रांगेत मांडून छायाचित्र घेणारा माणूस, हातात कॅमेराच असला तरी, शिकारी ठरू शकतो. याच अधिनियमात अभयारण्यातील प्रवेशाच्या परवान्यासंबंधी जे कलम आहे, त्यात परवान्याच्या कारणांत छायाचित्रण हे एक कारण स्पष्टपणे नोंदलेले आहे. तेव्हा कायदा छायाचित्रकाराचा वैरी नाही. तो त्याला पाहुणा म्हणून बोलावतो. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आणखी काही मोह सांगतो. हिवाळ्यात पाण्यावर बदकांचा थवा शांत बसलेला असतो. 'उडता थवा' हवा म्हणून कोणी खडा मारतो, कोणी टाळी वाजवतो. उड्डाणाला विश्रांतीच्या अनेक पट ऊर्जा लागते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याने दिवसभर खाऊन साठवलेली ही शिल्लक असते. ती आपण एका टाळीने खर्चायला लावतो. कोणी मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवतो. नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. अन्न शोधायचे सोडून तो नसलेल्या शत्रूला हुडकीत फिरतो. परवानगीवाचून ड्रोन उडवणे तर मुळीच नको. पक्ष्यांच्या दृष्टीने तो डोक्यावर आलेला मोठा शिकारी पक्षीच. आणि घरट्याचे किंवा लांडग्याच्या विळाचे छायाचित्र चुकून मिळालेच, तर जागेचा पत्ता सर्वांना कळवू नका. मोबाइलच्या छायाचित्रात स्थानाची नोंद आपोआप साठू शकते. ती सोय बंद ठेवा. एक माणूस पाच मिनिटे आला, तर पक्षी कदाचित सोसेल. पत्ता घेऊन पन्नास जण आले, तर प्रत्येकाची पाच-पाच मिनिटे मिळून चार तास होतात.

माणसांचेही अंतर असते

लोणारला प्राणी-पक्षीच राहतात असे नाही. काठाजवळ धारेचा बारमाही झरा आहे. तेथे भाविक स्नान करतात. सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला गर्दी लोटते. स्नान करणारी बाई, ओटी भरणारी आजी, थकून बसलेला गुराखी हे तुम्हाला 'विषय' वाटतील. पण पक्ष्याप्रमाणे माणसाभोवतीही एक वर्तुळ असते. फरक एवढाच, की माणसाला विचारता येते! 'आजी, तुमचा एक फोटो काढू का?' या वाक्याला किती वेळ लागतो? नाही म्हटले, तर हसून पुढे जा. स्नानाच्या जागी मात्र विचारण्याचाही प्रश्न नाही; कॅमेरा पिशवीतच असावा.

गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम पाहताना आणखी एक पथ्य पाळा. कोरीव रेषा उठून दिसाव्यात म्हणून शिल्पावर पाणी, तेल किंवा खडू लावू नका. उंच शिल्प टिपण्यासाठी खालच्या शिल्पावर पाय देऊन चढू नका. सूर्य थोडा कलेपर्यंत थांबा. तिरक्या उन्हात रेषा आपोआप उठतात, आणि त्यासाठी काहीच खर्च येत नाही. विवरातील खडे व काचमणी आठवण म्हणून खिशात घालणेही तितकेच वाईट. आघाताचा तो लेखी पुरावा आहे. प्रत्येकाने एक-एक ओळ फाडून नेली, तर पुढच्या संशोधकाने काय वाचावे?

रंग खरा हवा

२०२० च्या जून महिन्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे देशभर पसरली. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांत 'हॅलोआर्किया' नावाचे, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले. त्यांच्यातील रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसत होते. नमुना स्थिर ठेवला तेव्हा हे सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले! पाण्याची पातळी खालावून खारटपणा वाढला, हे त्यांच्या वाढीचे कारण सांगितले गेले.

अशा वेळी छायाचित्र हा वैज्ञानिक पुरावा असतो. कोणत्या दिवशी, कोठे, किती गडद रंग होता, हे त्यावरून कळते. मोबाइलवर बोट फिरवून फिकट गुलाबी रंग भडक करणे अगदी सोपे आहे. पण तसे केले, तर पुरावा नाहीसा होतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली, फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असण्याची दाट शक्यता आहे, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. तरीही २०१० च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. चित्र तेच होते. फक्त त्याखालची माहिती खरी आहे, यावरचा विश्वास उडाला होता. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ, जागा आणि तुम्ही केलेला फेरफार प्रामाणिकपणे लिहा. घरटे किंवा बीळ असेल तर मात्र नेमकी जागा तुमच्या वहीतच राहू द्या.

करून पाहा

१. प्रयोगशाळेतील दोन तपमापके घ्या. ताप मोजण्याचा तपमापक वापरू नका. त्याची मोजपट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. शाळेच्या मैदानावर उन्हात दोन्हींचे फुगे मातीच्या पातळ थराखाली ठेवा. दोन्हींवर पुठ्ठ्याची सावली धरा. तपमान स्थिर झाले की एकावरचा पुठ्ठा काढा आणि दहा मिनिटे, दर मिनिटाला, दोन्हींची नोंद घ्या. आलेख काढा. टिटवी उठून गेल्यावर खळग्यात काय होते, ते तुम्हाला त्या दोन रेषांमधील अंतरात दिसेल.

२. मैदानावर चरणाऱ्या साळुंकीकडे सावकाश चालत जा. ती मान उंच करताच थांबा आणि तेथून तिच्यापर्यंतचे अंतर पावलांनी अंदाजा. निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या वेळी नोंदी घ्या. पक्ष्याला उडवायचे नाही, ही अट आहे. घरट्याजवळच्या पक्ष्यावर हा प्रयोग करू नका.

३. लोणारला गेलात, तर काठावरच्या एखाद्या ठरलेल्या जागेवरून, वाट न सोडता, सरोवराचे एक छायाचित्र घ्या. पुढच्या वर्गाने पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात दुसरे घ्यावे. शिक्षकांनी ती शाळेत जपून ठेवावीत. दहा वर्षांत पाण्याची पातळी, काठाची झाडी, पाण्याचा रंग यांचा एक मोलाचा इतिहास शाळेकडे जमा होईल, आणि त्यासाठी एकाही पक्ष्याला जागेवरून उठावे लागणार नाही.

आता पुन्हा मे महिन्यातील त्या सकाळी जाऊ. टिटवी बसली आहे. तुम्ही चार पावले टाकलीत आणि तिने मान उंच केली. तुम्ही थांबलात. दोन पावले मागे आलात. खाली बसून एकच छायाचित्र घेतलेत. त्यात टिटवी लहानशी आहे, मागे विवराचा उतार आहे. तिने मान खाली घेतली, पंख किंचित सैल केले आणि ती तशीच बसून राहिली. तिच्या पोटाखाली सावली आहे. ती तुमच्या छायाचित्रात दिसणार नाही. पण ती तेथे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.